पाण्यापल्याडचा कौल

विद्याश्रीकडं कौल लावायला येणारी माणसं नाना प्रश्न घेऊन यायची. मुलीचं स्थळ, दुकानाची जागा, भावाभावांतली फाटाफूट, पोराला कॅनडाला धाडावं की इथंच ठेवावं. शांतादेवी तेवढ्या एकच प्रश्न आणायच्या, आणि इतक्या वर्षांत त्यातला एक शब्द बदलला नव्हता.

“माझा प्रभू कुठं हाय?”

दर अमावास्या उलटली की त्या कुरुंदवाडहून सकाळच्या एसटीनं कोल्हापूरला यायच्या. साठी ओलांडलेली, अंगानं काटकुळी बाई. कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात वायरची पिशवी. पिशवीत विद्याश्रीसाठी काहीतरी असायचंच, कधी शेतातली वांगी, कधी शेंगांची चटणी. राजारामपुरीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावर जिना चढून आल्या की आधी भिंतीला टेकून दम खायच्या, तांब्याभर पाणी प्यायच्या, आणि मग सतरंजीवर बसून प्रभूचं सांगायला लागायच्या. जणू विद्याश्रीला पहिल्यांदाच सांगतायत.

प्रभुलिंग त्यांचा एकुलता एक. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत कामाला होता. २०१९ च्या पुरात हायवेवर पाणी यायला लागलं तेव्हा त्यानं घरी फोन केला, “अव्वा, तुम्ही दोघी वरच्या खोलीत जावा, मी निघालोय.” घरी आई आणि वर्षभरापूर्वी लग्न करून आणलेली बायको राजेश्वरी. त्या दोघींना शेजारच्यांनी होडीत घालून शाळेत नेलं. प्रभुलिंग आला नाही. पाणी उतरल्यावर त्याची मोटरसायकल शिरोळच्या अलीकडं उसात आडवी सापडली, चाकात गवत गुंडाळलेलं. तो सापडला नाही. नदी धुंडाळली, पार खाली कर्नाटकातल्या गावांपर्यंत माणसं जाऊन आली. काही नाही.

“आमच्यात माती देतात, बाई,” शांतादेवी म्हणायच्या. “बसवून, हातावर लिंग ठेवून, बेल वाहून. माझ्या प्रभूला माती दिली न्हाय. मग तो मेला असं कसं म्हणायचं?”

विद्याश्री त्यांच्यातलीच, लिंगायत, त्यामुळं तिला हे समजावून सांगावं लागायचं नाही. शिवाय तिचं स्वतःचंही तसंच झालं होतं. तिचा नवरा महालिंग मशिनरीच्या खरेदीसाठी चीनला जाऊन यायचा. एका खेपेला त्यानं मधे चौकोनी भोक असलेली तीन पितळी नाणी आणली, लाल दोऱ्यात ओवलेली, आणि सोबत एक इंग्रजी पुस्तक. हॉटेलातल्या कुणीतरी त्याला शिकवलं होतं. तीन नाणी सहा वेळा टाकायची. दर वेळी जसं पडेल तशी एक रेघ काढायची, अखंड नाहीतर मधे तुटलेली. पहिली रेघ सगळ्यात खाली, मग तिच्यावर दुसरी, अशी खालून वर. सहा रेघांची एक आकृती होते, अशा चौसष्ट आकृत्या, आणि प्रत्येकीचं एक नाव, एक सांगणं. दोघांनी एक संध्याकाळ हसत खेळत घालवली आणि नाणी कपाटात गेली. मग कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महालिंग दवाखान्यात गेला तो गेलाच. तिला त्याचं तोंडही दिसलं नाही. प्लास्टिकमधे गुंडाळून त्याला जाळलं, ज्याला माती द्यायची त्याला. त्यानंतर कधीतरी तिनं ती नाणी बाहेर काढली आणि एकटीनंच टाकायला लागली. मग वरच्या मजल्यावरची एक जण विचारायला आली, तिनं आणखी कुणाला सांगितलं, आणि शिकवण्या घेणारी विद्याश्री हळूहळू नाण्यांची बाई झाली.

ती कुणाला फसवत नव्हती. आलेल्या प्रत्येकाला ती आधीच सांगायची, की ही नाणी अमुक होईल, तमुक होणार नाही असं काही सांगत नाहीत. आपण काय करावं, कसं राहावं, एवढंच त्यातून बघायचं. शांतादेवींनाही तिनं पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं. पण त्या दिवशी नाणी पडली तीच अशी, की खाली तीन अखंड रेघा म्हणजे आकाश, आणि वर पाणी. त्या आकृतीचं नाव वाट पाहणं. तिचं सांगणं असं, की मन स्वच्छ ठेवून वाट पाहा, मोठं पाणी ओलांडून जाण्यात हित आहे. विद्याश्रीनं पुस्तकात होतं तसं सांगितलं. शांतादेवींनी हात जोडले.

“म्हणजे पाणी ओलांडून गेला माझा लेक. पल्याड हाय.”

विद्याश्रीनं तोंड उघडलं होतं. पण त्या बाईच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं ते बघून ती गप्प बसली. त्यानंतर दर महिन्याला काही ना काही पडत गेलं. डोंगर पडला, वारा पडला, आग पडली. शांतादेवींनी प्रत्येकातून प्रभूला जिवंत बाहेर काढला.

एक दिवस दुपारी राजेश्वरी एकटीच आली. विद्याश्रीनं तिला कधी बघितलं नव्हतं, पण नाव सांगायच्या आधीच ओळखलं. तिशीची, सावळी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या. जयसिंगपूरच्या एका कापड दुकानात ती कामाला होती, तिथनं अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आली होती. पाणी नको म्हणाली, बसलीही नाही.

“अत्तींनी तुमच्याकडं येऊन येऊन माझं काय केलंय, ठाऊक हाय तुमास्नी?”

सासूला ती अत्ती म्हणायची, तिकडं म्हणतात तसं.

“बसा तरी,” विद्याश्री म्हणाली.

“रोज रात्री लेकाचं ताट वाढतात. मग वाया नको म्हणून ते मलाच खायला लावतात. मी बांगडी वाढवली तर घरात रडारड. माहेरी जाते म्हटलं तर, तो आल्यावर दारात कोण उभं ऱ्हाणार? वरीसभर संसार केला मी बाई, आणि सात वर्सं दारात उभी हाय.”

मग ती बसली. कागलचं एक स्थळ आलं होतं. साखर कारखान्यातला माणूस, बायको वारलेली, एक लहान मुलगी. थांबतो म्हणाला होता. सात वर्षं बेपत्ता असलेला माणूस कोर्टाकडून मृत ठरवून घेता येतो, हे वकिलानं समजावलं होतं. अडचण एकच होती.

“अत्ती तिथं उभ्या ऱ्हाऊन सांगणार, माझा लेक जिता हाय, कोल्हापूरच्या बाईंनी सांगितलंय. त्या माझं वाईट चिंतीत न्हाईत हो. त्यास्नी खरंच तसं वाटतंय. आणि तसंच टाकून जायला माझा पाय निघत न्हाय. तुमी त्यास्नी सांगा, तो गेला म्हणून. तुमचं ऐकतील.”

“नाण्यांत तसं आलं तर—”

“आणि तो जिता हाय असं आलंय व्हय नाण्यांत?”

“नाही. मी तसं कधीच म्हटलं नाही.”

“पण त्यास्नी तसं ऐकू येतंय, हे तुमास्नी कळतंय का न्हाय?”

कळत होतं. विद्याश्रीला पहिल्या दिवसापासून कळत होतं. आणि त्यातलं खरं सांगायचं तर तिला ते ऐकायला बरंही वाटायचं. आपल्या घरात बसून कुणीतरी एवढ्या ठामपणानं म्हणतंय की गेलेला माणूस पल्याड आहे, येईल, हे कानावर पडलं की तो दिवस तिला जरा हलका जायचा.

“बघते,” ती म्हणाली.

“बघू नका. सांगा,” राजेश्वरी म्हणाली आणि उठली.

पुढच्या अमावास्येनंतर शांतादेवी आल्या. पिशवीतून त्यांनी दोन कणसं काढून ओट्यावर ठेवली. प्रभूला कणसं कशी आवडायची, शेतातच भाजून कशी खायचा, ते सांगितलं. विद्याश्री ऐकत होती, पण तिचं सगळं लक्ष नाण्यांकडं होतं. असं काहीतरी पडावं की आपल्याला खोटं बोलावं लागू नये, असं तिला आतून सारखं वाटत होतं. बुडणं पडावं, अंधार पडावा, काहीही.

शांतादेवींनी नाणी ओंजळीत धरली, डोळे मिटले, टाकली. अखंड रेघ. विद्याश्रीनं ती कागदाच्या तळाशी काढली. दुसरी तुटलेली. तिसरी तुटलेली. चौथीही तुटलेली पडली तेव्हा विद्याश्रीच्या लक्षात आलं की हे कुठं चाललंय. पाचवी तुटलेली. सहावी टाकताना तिनं मनातल्या मनात नाण्यांना हात जोडले. सहावीही तुटलेली.

तळाशी एक अखंड रेघ, तिच्यावर पाच तुटलेल्या. पुस्तक उघडायची गरज नव्हती. या आकृतीचं नाव परत येणं.

इतक्या वर्षांत ही कधी पडली नव्हती. आजच पडली.

समोर बसलेल्याला आकृती सरळ दिसावी म्हणून विद्याश्री नेहमी कागद फिरवून पुढं ठेवायची. त्या दिवशी तिनं तो न फिरवता तसाच सरकवला. शांतादेवींच्या बाजूनं आता वर एकच अखंड रेघ होती आणि खाली सगळं तुटलेलं. तीही एक वेगळी आकृती होते. तिचं नाव झडून जाणं.

“काय आलं, बाई?”

“हे बघा. खालचा सगळा आधार गेलाय. छप्पर तेवढं राहिलंय, तेही खाली यायचंच आहे.” विद्याश्रीचा आवाज तिलाच परका वाटला. “अक्का, यात धरून ठेवण्यासारखं काही नाही. प्रभू आता नाही.”

खालच्या रस्त्यावर कुणाचा तरी टेम्पो मागं घेताना वाजत होता. तो थांबेपर्यंत शांतादेवी कागदाकडं बघत राहिल्या.

“कवा?”

विद्याश्रीनं हे ठरवलेलं नव्हतं. “त्याच दिवशी,” ती म्हणाली. “पाण्यातच.”

“लई येळ लागला का त्याला?”

“नाही. लगेच गेला. कळलंही नसेल.”

शांतादेवींनी मान हलवली. तिन्ही नाणी उचलून कपाळाला लावली, हळूच खाली ठेवली. मग पिशवीची घडी घातली, ती काखेत धरली आणि निघाल्या. जिन्यात त्यांनी कठडा घट्ट धरला होता. विद्याश्री दारात उभी राहून बघत होती. स्टँडपर्यंत रिक्षानं सोडते असं म्हणायचं तिला नंतर सुचलं.

आठवड्याभरात राजेश्वरीचा फोन आला. शांतादेवींनी स्वतःहून प्रभूच्या मातीसाठी जंगमांना, लिंगायतांच्या पुरोहितांना, बोलावणं धाडलं होतं, आणि तुम्ही यायला पाहिजे असा निरोप होता.

विद्याश्री गेली. गावाबाहेर त्यांच्याच शेताच्या कडेला खड्डा काढला होता, आजूबाजूला पुरुषभर उंचीचा ऊस. माणूस नव्हता म्हणून त्याचा शर्ट होता, फाउंड्रीतला करडा, खिशावर नाव शिवलेला. शांतादेवींनी तो इस्त्री करून आणला होता. जंगमांनी विभूती लावली, बेल वाहिला, मंत्र म्हटले. शर्ट खाली ठेवला तेव्हा बाह्या वाऱ्यानं हलल्या आणि राजेश्वरी किंचाळून रडली. शांतादेवी रडल्या नाहीत. पहिली मूठ त्यांनी टाकली, मग भावकीतल्यांनी. विद्याश्रीच्या हातातही कुणीतरी माती दिली. ती टाकून विद्याश्री मागं सरली, तशी शेजारच्या बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

पुढचं सगळं भराभर झालं. सासूच सुनेच्या बाजूनं बोलली म्हटल्यावर कोर्टातही फार ओढाताण झाली नाही. माघात राजेश्वरीचं लग्न झालं. तिला कागलला पोचवायला शांतादेवी स्वतः गेल्या, म्हणे. तिच्या नव्या घरात चहा घेतला, त्या लहान पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि संध्याकाळच्या गाडीनं मोकळ्या घरी परत आल्या.

कोल्हापूरला मात्र त्या पुन्हा आल्या नाहीत. विद्याश्री वाट बघायची. अमावास्या उलटली की सकाळी तांब्या भरून ठेवायची, सतरंजी झटकायची. एकदा फोन केला, कुणी उचलला नाही. शेवटी न राहवून ती कुरुंदवाडला गेली.

शांतादेवी सोप्यात बसल्या होत्या. उन्हात वाळत घातलेल्या मिरच्या समोर होत्या, पण त्या कुणीतरी दुसऱ्यानंच घातल्या असाव्यात असं त्यांचं बसणं. आधीच काटकुळ्या, आता हाडं दिसत होती.

“या की, बाई. लांबनं आलासा.” त्या उठायला लागल्या, विद्याश्रीनं त्यांना बसवलं.

“तुम्ही आला नाहीत म्हणून आले, अक्का.”

“आता काय इचारायला येऊ?”

मिरच्यांवर एक चिमणी उतरली, उडून गेली.

“तुमास्नी एक सांगू?” शांतादेवी म्हणाल्या. “मला ठाऊक हुतं.”

“काय?”

“प्रभू गेल्याचं. गाडी उसात घावली त्याच दिवशी. मी नदीकाठची बाई, जल्म हितंच गेला माझा. असल्या पाण्यात माणूस गेला की काय हुतंय, हे मला ठाऊक नसंल व्हय?”

“मग इतकी वर्षं तुम्ही येत होता ते?”

“त्याचं नाव घ्यायला येत हुते. हितं त्याचं नाव काढलं की सून तोंड फिरवायची. तिचं तरी काय चुकलं? शेजारपाजार लगेच दुसरं बोलायला लागायचा. तुमच्याकडं मी बसले की तुमी कान दिऊन ऐकायचा. मग नाणी टाकायची, सहा डाव. ती पडंस्तोवर तो असायचा. तेवढा येळ तो असायचा, बाई.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “त्येवढ्यापायी त्या पोरीला बांधून घातली मी. पाप केलं. तुमी म्हणालासा न्हाय म्हणून, ते बरं केलासा. तिचं कल्याण झालं. पण तुमच्या तोंडनं ‘न्हाय’ ऐकलं, आन् मग संपलंच की.”

“तरी या,” विद्याश्री घाईघाईनं म्हणाली. “नाणी नकोत. नुसतं बसू. तुम्ही प्रभूचं सांगा, मी ऐकते.”

“न्हाय ओ. तसं आता जमत न्हाय. आता बोलाय बसले की तो शर्टच दिसतोय.”

त्या क्षणी सगळं विद्याश्रीच्या जिभेवर आलं होतं. कागद मी फिरवला नाही, नाणी वेगळंच म्हणत होती, परत येणं पडलं होतं. तिनं शांतादेवींच्या डोळ्यांत बघितलं. तिथं कसलाच प्रश्न नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नव्हता. आता हे सांगितलं तर ते आपलं ओझं उतरवायला सांगितल्यासारखं होईल, हे तिला कळलं, आणि तिनं ते गिळलं.

निघताना शांतादेवी उंबऱ्यापर्यंत आल्या. “ते तेवढं खरं न्हवं?” त्यांनी विचारलं. “लगेच गेला म्हणालासा ते?”

“खरं आहे,” विद्याश्री म्हणाली.

पाडव्याच्या आधी राजेश्वरीनं कागलहून फोन केला. अत्ती गेल्या. सकाळी शेजारीण दूध घेऊन गेली तर उठल्याच नव्हत्या. डॉक्टर हृदय बंद पडलं म्हणाले. जेवण तर कधीच सुटलं होतं, शेजारीण म्हणाली, कुणी बळंबळं भरवलं तर चार घास.

त्यांना त्याच शेताच्या कडेला माती दिली. या खेपेला माणूस होता, रीतसर बसवलेला, गळ्यात हार, हातात लिंग. ऊस तोडून नेला होता, त्यामुळं सगळं रान उघडं पडलं होतं आणि जमलेली माणसं लांबून दिसत होती. राजेश्वरी नव्या नवऱ्याबरोबर आली होती. अंग भरलं होतं, चेहरा उजळला होता, रडून डोळे सुजले होते. विधी झाल्यावर ती विद्याश्रीजवळ आली आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

“बाई, तुमी सांगितलासा म्हणून मी सुटले. अत्तीसुदिक सुटल्या. सारखं म्हणायच्या, बाईंनी मोकळं केलं.”

विद्याश्रीनं मान डोलावली.

त्यानंतर तिनं कौल लावणं बंद केलं. लोक फोन करायचे, जिना चढून यायचे, ती नाही म्हणायची. कुणी फार गळ घातली तर तब्येत बरी नाही म्हणायची. दुपारी गणिताच्या शिकवण्या तेवढ्या घेत राहिली.

पण एक गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. आईनं प्रभुलिंगला माती दिली आणि स्वतःही गेली. बायकोचा दुसरा संसार सुरू झाला. कोर्टानं निकाल दिला, भावकीनं जेवणं घातली. साऱ्या जगानं त्या माणसाचं आवरून टाकलं होतं. तळाशी एक अखंड रेघ आणि वर पाच तुटलेल्या, हे फक्त तिनं बघितलं होतं. तो गेलाय हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या आईलाही ठाऊक होतं. तरी अनोळखी नंबरावरून फोन आला की तिचा हात छातीवर जायचा. दाराची बेल वाजली की उघडण्याआधी ती क्षणभर थांबायची. ज्या माणसाला तिनं उभ्या जन्मात बघितलं नव्हतं, त्याच्यासाठी ती कान टवकारून बसायला लागली. तो आलाच तर कुणाकडं येणार? घराला कुलूप होतं. त्याला सांगायला कुणी नको?

भाजी आणायला म्हणून बाहेर पडायची आणि चालत चालत स्टँडवर जायची. कुरुंदवाडची गाडी लागते तिथं कठड्याला टेकून उभी राहायची, चढणाऱ्या माणसांचे चेहरे बघत. एकदा चाळिशीच्या आतबाहेरचा एक जण दिसला, खांद्याला बॅग, दाढी वाढलेली, गाडीच्या पाटीकडं बघून घुटमळत असलेला. ती पुढं झाली.

“पावणं, कुठले तुम्ही?”

“मी व्हय? गडहिंग्लजचा,” तो म्हणाला. “का ओ?”

“काही नाही. ओळखीचे वाटलात.”

तो चढला. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली. विद्याश्री खिडक्यांमधले चेहरे शेवटच्या खिडकीपर्यंत बघत राहिली, आणि मग पुढच्या गाडीसाठी तिथंच थांबली.